डॅशबोर्डवरील भेग

मोटारीच्या डॅशबोर्डला भेग पडली म्हणून मोटार काही थांबत नाही. इंजिन चालते, ब्रेक लागतात, दिवे उजळतात. त्यामुळेच ही दुरुस्ती वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते. आमच्या धर्मग्रामाकडे १९९४ सालची एक कॉन्टेसा आहे. तिच्या डॅशबोर्डवर हवेच्या झरोक्यापासून थेट मधल्या घड्याळापर्यंत एक वीतभर भेग होती. पुढच्या आसनावर बसणारा प्रत्येक भाविक ती पाही आणि उपाय सुचवी.

ही भेग पडते कशी, हे आम्ही जाणकारांकडून समजून घेतले. वरचे चामड्यासारखे दिसणारे आवरण व्हिनाइलचे असते, त्याखाली फोमचा थर आणि सर्वांत खाली टणक सांगाडा. व्हिनाइल मुळात कडक. ते मऊ राहावे म्हणून कारखान्यातच त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. मे महिन्यात काचा बंद करून मोटार उन्हात उभी केली की डॅशबोर्ड सत्तर अंश सेल्सियसच्या घरात तापतो, आणि ते द्रव्य हळूहळू उडू लागते. काचेला आतून जो तेलकट थर धरतो, तो बराचसा त्याचाच. तेल गेले की आवरण आकसते; खालचा सांगाडा मात्र आहे तेवढाच राहतो. ह्या ओढाताणीत झरोक्यांचे कोपरे आणि स्पीकरची भोके प्रथम उसवतात. यात कोणा एका मोटारीचा दोष नाही. त्या काळच्या पुष्कळ महागड्या परदेशी मोटारींनाही सूर्याने सोडलेले नाही.

आमची ही मोटार एका दर्यावर्दी गृहस्थांची. ते देवाघरी गेल्यावर त्यांच्या पत्नीने ती धर्मग्रामाला दिली; आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद न्यावा, रात्री-अपरात्री रुग्णाभ्यंगासाठी जावे, एवढाच तिचा उपयोग व्हावा अशी त्यांची इच्छा. भेगेला अगदी लागून संत ख्रिस्तोफरची छोटी धातूची प्रतिमा त्या गृहस्थांनी स्वतः चिकटवलेली आहे. (१९६९ साली संतांच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून ख्रिस्तोफरचा सण वगळला गेला, तेव्हा पुष्कळांना वाटले की त्यांचे संतपदच गेले. तसे नाही. सण स्थानिक धर्मसभांवर सोपवला गेला, आणि हुतात्म्यांच्या नामावलीत त्यांचे नाव आजही आहे.)

उपाय नाना प्रकारचे. तरुण मंडळातील एकाने चकाकी आणणारे पॉलिश आणून दिले. डॅशबोर्ड चमकला खरा, परंतु उन्हात त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडून रस्ताच दिसेना. गेलेले तेल वरून चोळून परत येत नाही, ते निराळेच. दुसऱ्याने लांबी भरून रंग मारण्याचा सल्ला दिला. लांबी वाळून दगडासारखी होते, आवरण मात्र ऊनसावलीबरोबर आकसत-पसरत राहते. परिणामी लांबीच्या दोन्ही कडांना नव्या भेगा पडतात. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हे प्रभूने ज्यांना सांगितले त्यांना शिवणकामातले कळत होते; मोटारवाल्यांनाही कळावे. तिसरा म्हणाला, कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा डॅशबोर्ड आणा. कॉन्टेसाचे उत्पादन २००२ साली थांबले. म्हणजे भंगारातला डॅशबोर्डही आमच्याइतकेच पावसाळे पाहिलेला. त्याची भेग उद्यावर आली आहे, इतकेच.

राहिला चौथा उपाय, सगळा डॅशबोर्ड काढून त्यावर नवे रेक्झिन चढवण्याचा. हाच सर्वांत उत्तम आणि सर्वांत खर्चिक. त्या माऊलीचा मुलगा परदेशी असतो. त्याने दूरध्वनीवर सांगितले, 'फादर, बाबांची मोटार आहे, नवीच करून घ्या, पैसे मी पाठवतो.' आम्ही कारागिराला बोलावले. तो मुसलमान, वयाने आमच्याएवढाच. त्याने भेगेवर बोट फिरवले, प्रतिमेकडे पाहिले आणि म्हणाला, 'फादर, काम होईल. पण आतल्या वायरी तीस वर्षांच्या, ओढल्या की तुटतील. आणि ही मूर्ती काढावी लागेल. ती मी काढणार नाही, तुम्हीच काढा.' प्रतिमा असल्या चिकट द्रव्याने बसवली होती की ती काढताना खालचे आवरणही तिच्याबरोबर आले असते.

आम्ही माऊलींकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. 'राहू द्या, फादर,' त्या म्हणाल्या. 'ते असते तर त्यांनी काहीच केले नसते. आमच्या कौलांचेही त्यांनी तसेच केले. दर पावसाळ्यात पुढल्या वर्षी बघू, पुढल्या वर्षी बघू.' आणि त्या मनापासून हसल्या. त्यांच्या यजमानांच्या अंत्यविधीनंतर त्यांना हसताना आम्ही प्रथमच पाहिले.

मग कारागिराने सोपे काम केले. भेगेच्या दोन्ही टोकांशी बारीक गोल भोके पाडली. तीक्ष्ण टोकावर येणारा ताण गोलाईत विभागला जातो आणि भेग सहसा पुढे सरकत नाही. आत रबरासारखे लवचिक द्रव्य भरले. वर गडद, चमक नसलेले जाड कापड बेतून बसवले आणि ख्रिस्तोफरभोवती ते इतके हळुवार कापले की प्रतिमेला कात्रीचे टोकही लागले नाही. (नव्या मोटारींच्या मालकांनी मात्र असे कापड घालू नये. तेथे प्रवाशाच्या बाजूस डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते, आणि आवरणामुळे ती नीट उघडत नाही.) आता आम्ही मोटार उभी करताना तिचे तोंड भिंतीकडे करतो आणि पुढच्या काचेमागे पुठ्ठा ठेवतो.

मुलाला आम्ही कळवले की डॅशबोर्ड आहे तसाच राहणार. पैसे पाठवायचेच असतील तर पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले आहेत. त्याचे उत्तर आले, 'टायर घ्या, आणि आईला एकदा अर्नाळ्यापर्यंत फिरवून आणा.' दोन्ही गोष्टी पावसापूर्वी झाल्या.