28 ताटल्या आणि पसाभर ज्वारी

1835 च्या डिसेंबरात ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर यांच्याकडे कुणीतरी 28 ताटल्या, चार सुऱ्या, पाच काटे आणि एक किसणी आणून दिली. अनाथाश्रम अजून उघडायचा होता, एकही मूल आलेलं नव्हतं. म्युलरांनी ती किसणीसुद्धा वहीत टिपून ठेवली. त्यांचा नेम असा, की कुणापुढे हात पसरायचा नाही, कर्ज काढायचं नाही, गरज असेल ती देवाच्या कानावर घालायची, आणि आलेल्या पै न् पैचा हिशोब छापून लोकांसमोर ठेवायचा. 1836 मध्ये विल्सन स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात काम सुरू झालं. 1870 पर्यंत ॲशली डाउनच्या चढावर पाच दगडी इमारती उभ्या राहिल्या, दोन हजारांवर मुलांची सोय झाली.

त्या इमारती अजून आहेत. कामावर जाताना माझी बस त्यांच्या जवळून जाते. 2024 मध्ये इथलं रेल्वे स्टेशन पुन्हा सुरू झालं, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. पूर्णा आणि नांदेडच्या मधल्या चुडाव्यात वाढलेल्या माणसाला छोट्या स्टेशनाची ओढ असतेच.

म्युलरांचं नाव मात्र मला इथे कळलं नाही, ते केडगावमुळे आधीच कानावर होतं. चुडाव्याहून पुण्याला निघालं की दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंनी म्युलरांचं चरित्र वाचलं होतं, आणि आपल्यालाही असं देवावर विसंबून काम करता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. तोवर बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने त्यांना दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिलेला होता. ती मुदत 1898 च्या सुमाराला संपत आली. आणि नेमक्या त्याच वर्षांत, 1896-97 च्या दुष्काळात, त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, हातात पुरेसे पैसे नाहीत. मुलींना केडगावच्या माळावर नेलं. आधी माणसं आणली, मग छप्पर, मग विहिरी. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाईंची गोष्ट मला सोपी वाटत नाही, कारण भरवशाचं दुसरं टोकही त्यांनी पाहिलं होतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी होतं नव्हतं ते तीर्थक्षेत्री, देवाच्या नावाने, दानदक्षिणेत घालवलं. त्यातून बरकत येईल ही आशा होती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण, तिघंही डोळ्यांदेखत गेले. ज्या बाईने हे भोगलं, तिने पुन्हा देवावर भार टाकावा याचं मला फार नवल वाटे. आता वाटतं, फरक होता तो देण्यात. वडिलांचं देणं फळ मागणारं होतं. मुलीचं देणं समोर बसलेल्या भुकेल्या पोरीच्या ताटात पडत होतं. तिथे देव काय करतो हे रोज संध्याकाळी दिसत होतं: आज चूल पेटली की नाही.

माझं घर माळकरी. येशूच्या नावाने मी काही केलेलं नाही. पण रमाबाईंचा भरवसा मला ओळखीचा वाटतो, तो खळ्यावर पाहिला म्हणून. ज्वारीची रास झाली की पोती भरायच्या आधी मागत्यांचा मान. वासुदेव येई, गोसावी येई, कुणी आंधळी म्हातारी येई. आजी दोन्ही हातांनी पसा भरून झोळीत टाकी. वर्ष कसंही असो, पसा तोच. कमी पिकलं त्या साली मी शेजारी उभी राहून तिच्या बोटांकडे बघत असे, ती जरा आवळतेय का. आवळायची नाही. भरवसा आधी मनात भरतो आणि मग हात सैल पडतो, असं आपण समजतो. मला तर उलटच दिसलंय. हात आधी सैल करावा लागतो. मन मागाहून, कुरकुरत, त्याच्या पाठीपाठी येतं. आणि पुढच्या वेळेला कुरकुर थोडी कमी असते.

इथे ईस्टन भागात एका चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा मोफत जेवण असतं. मी मोठं पातेलं भरून वरण करते, भात दुसरं कुणी आणतं. गॅस आणि विजेची बिलं वाढल्यापासून पंगत लांबत चालली आहे. नोकरी असलेली माणसंही येतात, खाली मान घालून. एक आजोबा चहाच्या पुड्यांचं अर्धं पाकीट घेऊन येतात. आधी ते टेबलावर ठेवतात, मग रांगेत उभे राहतात. त्या पाकिटावाचून कुणाचं अडत नाही, चहा हॉलमध्ये भरपूर असतो. तरी ते रिकाम्या हाताने कधी आले नाहीत, आणि तिथली बाई त्यांचं पाकीट दरवेळी उघडून त्यातलाच चहा आधी करते. म्युलरांच्या वहीतली किसणी मला त्या टेबलावर कळली.

महिनाअखेरीला माझीही ओढाताण असते. परक्या मुलखात आजारपण आलं तर धावून येणारं गणगोत नाही, त्यामुळे साठवायची भीती इथे जास्त लागते. वरणाची डाळ मोजताना ती भीती हाताशी येते. तेव्हा मी एक वाटी जास्त घालते. चमत्कार काही होत नाही. डाळ संपते, पगार होतो, पुन्हा डाळ येते. पण रात्री झोप लागते, आणि पूर्वी ती लागत नसे.

गावच्या हरिनाम सप्ताहात एक पंगत आमच्या घरची असते. त्याचे पैसे मी हिवाळ्याचं बिल यायच्या आत पाठवते, बिल बघून नाही. भाऊ फोनवर दरवर्षी तेच विचारतो, "ताई, तिकडचं आधी भागू दे की."

"भागतंय रे. तू ज्वारी घेऊन टाक, भाव चढायच्या आत."