आजार तिचा, नवस माझा

दौंड स्थानकावरील आरक्षणाच्या खिडकीसमोर आम्ही दोघे उभे होतो. २०२२ सालचा मार्च महिना. खिडकीतील गृहस्थांनी माझा सवलतीचा अर्ज हातात घेतला, शिक्का पाहिला आणि सहज विचारले, ‘‘कॅन्सर पेशंट कोण? या बाई का?’’ ही माझ्या मागेच उभी होती. मी, आमची दोन्ही मुले, शिरूरचे तिचे भाऊ-भावजय आणि गल्लीतील निम्मी घरे मिळून अठरा दिवस जो शब्द तिच्यापासून लपवत होतो, तो तिच्या कानावर असा पडला. त्या गृहस्थांचा यात काही दोष नव्हता. अर्जावर तेच छापलेले होते.

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. रात्री अंथरुणावर बसून म्हणाली, ‘‘अहो, शंका मला होतीच. पण पोट माझे आणि आजाराचे नाव मात्र साऱ्या गल्लीला ठाऊक, याचे वाईट वाटले.’’

त्या पोटाची कथा दिवाळीपासूनची. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटे, साडी कमरेत घट्ट होई. एका डॉक्टरांकडून गॅसच्या गोळ्या आणल्या; त्यात तीन महिने गेले. पुढे सोनोग्राफी झाली, पुण्याला तुकडा तपासला, आणि अंडाशयाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात असल्याचे निदान झाले. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीला असा त्रास दोन-तीन आठवडे रोज होत असेल, तर सोनोग्राफीचा आग्रह धरावा, हे आता मी भेटेल त्याला सांगतो. तेव्हा मला ते ठाऊक नव्हते.

निदान हाती आले त्या दिवशी हिला मुलाकडे सोडून मी एकटाच सिद्धटेकला गेलो. दौंडपासून भीमेपलीकडचे हे आमचे नेहमीचे ठिकाण. लहानपणी शिरापूरहून होडीने जात असू. आता पूल झाला आहे. सिद्धिविनायकापुढे हात जोडून मी बोलून गेलो, ‘‘हिला बरे कर, आम्ही जोडीने तुझी प्रदक्षिणा घालू.’’ तेथील प्रदक्षिणा टेकडीला वळसा घालून होते, म्हणजे चांगलीच लांबची. हिला विचारावे असे मला सुचलेही नाही. आजार लपवला त्याच दिवशी तिच्या वतीने नवसही बोलून आलो.

मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात उपचार ठरले: आधी तीन केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, पुन्हा तीन केमो, दोन केमोंमध्ये एकवीस दिवसांचे अंतर. रेल्वेच्या सवलतीचा या काळात मोठा आधार झाला. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० पासून बंद असली, तरी कर्करुग्णाची चालू आहे. डॉक्टरांनी विहित नमुन्यात दाखला दिला, की शयनयान आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्या एका व्यक्तीला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. उतरण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांची नावे तेथील प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी असतात. जागा मिळणे मात्र त्या दिवसाच्या गर्दीवर अवलंबून.

आता माणसांविषयी. आजाराचे नाव उघड झाले आणि घरी माणसांची रीघ लागली. कोणी गुळवेलीचा काढा आणला, कोणी गोमूत्र, कोणी कुठल्याशा गावच्या वैद्याचा पत्ता. प्रत्येक जण जाताना हिला सांगे, ‘‘धीर सोडू नका हं, हसत राहा.’’ दुपारपर्यंत हसून हसून ती थकून जाई. माणसे प्रेमाने येतात, त्यांना नाही कसे म्हणावे, हे मला कळेना. शेवटी शिरूरहून वहिनी आल्या आणि त्यांनी ते काम अंगावर घेतले. घोडनदीकाठी वाढलेली बाई, बोलणे रोखठोक. ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. आलेल्याला चहा देत, चौकशीचे उत्तर देत आणि ओट्यावरूनच परत पाठवीत. ‘‘काही करायचेच असेल, तर बुधवारचा डबा तुमचा,’’ असे सांगून वहीत नावही लिहून घेत. त्या वहीवर आमचे पाच महिने निघाले. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री दोन वाजता हिला १०१ ताप चढला. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप म्हणजे सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे आम्हांला आधी बजावले होते. वहीतल्या पहिल्याच नावाला फोन केला आणि पंधरा मिनिटांत जीप दारात उभी राहिली.

एका भेटीची आठवण वेगळी आहे. दौंड हे रेल्वेचे गाव, सगळ्या धर्मांची माणसे शेजारी नांदतात. गल्लीतील एक ख्रिस्ती बाई दर शुक्रवारी येत. हिच्यासमोर बसून लसूण सोलत. आजार विचारीत नसत, धीरही देत नसत. लसूण संपला, की डोळे मिटून क्षणभर हात जोडीत आणि निघून जात. ‘‘त्यांच्यासमोर मला हसावे लागत नाही,’’ असे ही म्हणे.

हिच्या हरिपाठाच्या बायकांना मात्र दूर ठेवणे तिला जड गेले. संसर्गाच्या भयाने दाटीवाटीने बसणे बंद होते. मग त्या अंगणात बसू लागल्या आणि ही खिडकीत. टाळ तिच्या हातात नसे, ओठ तेवढे हलत. प्रसादात कच्च्या दुधाचे पंचामृत नको, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी खडीसाखर सुरू केली. एकादशी सोडायला ही तयार नव्हती. मंडळातल्या सर्वांत वडील आजींनी खिडकीशी येऊन आज्ञाच केली, ‘‘तुझे औषध हाच तुझा उपास.’’ माझे ऐकले नव्हते, त्यांचे ऐकले.

दोन वर्षांच्या खंडानंतर त्या जूनमध्ये पायी वारी पुन्हा निघाली. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते तेव्हा तेथील पिठले-भाकरीसाठी माझ्या बहिणीच्या घरी आम्ही दरवर्षी भाकऱ्या थापायला जातो. ही हट्टाने आली. तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजले, कातडी लाल झाली, तरी तिला कळले नाही. केमोने बोटांची टोके बधिर झाली होती. माझ्या बहिणीने काही न बोलता तिच्या हातून उलथणे काढून घेतले आणि पुढ्यात भाकऱ्यांची टोपली सरकवली. भाकऱ्या मोजून फडक्यात बांधायचे काम दिले. त्या दिवसापासून घरातील शेगडी आणि गरम पाणी माझ्याकडे आले.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मधल्या काळात कितीदा राहून गेल्या, याचा हिशेब नाही. एकदा मुंबईत फलाटावर मलाच भोवळ आली. तेव्हापासून तिच्या औषधांच्या डबीत माझाही कप्पा झाला.

जुलैमध्ये सहावी केमो झाली. दिवाळीनंतर मी भीत भीत नवसाचे सांगितले. तिने ऐकून घेतले. म्हणाली, ‘‘मला विचारले होते का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग नवस तुमचा. तुम्ही फिरा, मी बसते.’’

सिद्धटेकला ती मंडपात बसली आणि मी एकटा टेकडीला वळसा घालून आलो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी चांगलीच आठवण करून दिली.

रक्तातील सीए-१२५ ची तपासणी आता दर तीन महिन्यांनी होते. मागच्या वेळी आकडा थोडा वर सरकला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचा आहे. तो अहवाल आधी कोणी वाचायचा, हे आमच्यात ठरलेले आहे. पाकीट ती उघडते. मी शेजारी बसतो आणि ती चष्मा पुसून वाचून होईपर्यंत काही विचारीत नाही.