दोडक्याच्या शिरा

तुळजापुरात आमच्या घरी दोडका सोलायला घेतला की शिरांसाठी वेगळी ताटली लागायची. आजी त्या कुणाला टाकू द्यायची नाही. "भाजी पोरांला वाढ, शिरा मला ठेव," असं आईला बजावायची. शिरा बारीक चिरून करडईच्या तेलात मंद आचेवर परतायची. ओलावा सुटून गेला, कडा तांबूस झाल्या, की भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरच्या, मीठ घालून सगळं खलबत्त्यात. पण पार भुगा करायचा नाही. शीर दाताखाली कुरकुरली पाहिजे. गरम ज्वारीच्या भाकरीसोबत ती चटणी आली की खुद्द दोडक्याच्या भाजीला कुणी विचारत नसे.

पाहुणे म्हणायचे, दुष्काळी मुलुखातली माणसं, काही वाया घालवत नाहीत. आजीने १९७२ चा दुष्काळ काढला होता, दुष्काळी कामाच्या खडीवर राबून तिथे मिळणारी सुकडी खाल्ली होती, म्हणून ते खोटं नाही. पण मला ते अपुरं वाटतं. देवीला पुरणपोळीचा नैवेद्य असायचा त्या दिवशी घरात कशाचीच वाण नसे, तरी डाळीचं पाणी येळून येळवणीची आमटी व्हायचीच. कारण ती चवीला लागायची. शिरांचंही तेच.

लग्नानंतर पुण्यात आले. इथे चिरलेली, सोललेली भाजी पिशवीत मिळते. शिरा दुकानातच राहतात. मी अख्खा दोडकाच आणते. दुधीच्या सालींची चटणी करते, कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात घालते, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांमधून. त्यात आपलीही ताटं आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि अन्नाबरोबर ते रांधायची रीतही जाते, याचं त्याहून जास्त.

एवढं मात्र सांभाळा. सालींसकट वापरायची भाजी नीट धुऊन घ्या. हिरवट पडलेल्या बटाट्याची सालं खाऊ नका. दोडका, दुधी चिरण्याआधी छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून अख्खं फळ टाका, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. कडू नसेल, तर शिरांसाठी ताटली काढा आणि तीळ भाजायला ठेवा.