शेवटचा चोर

वैशाखातल्या रात्री घाटमाथ्यावरच्या उघड्या कातळावर आडवं व्हावं. दिवसभर उन्हात भाजलेला तो काळा दगड नऊ-साडेनऊ वाजले तरी पाठीला ऊब देत असतो. मान उत्तरेकडे वळवली की सप्तर्षी चांगले वर आलेले दिसतात.

आजी त्यांना सप्तर्षी म्हणायची नाही. तिच्या लेखी ती म्हातारीची बाज होती. चार खुरांच्या चार चांदण्या, आणि बाज पळवायला आलेले तीन चोर. "म्हातारी डोळा मिटतच नाही बघ, म्हणून त्यांना बाज नेता येत नाही," असं ती सांगायची. "आणि तो शेवटचा?" मी विचारायचो. "तो लांब उभा राहून वाटेवर नजर ठेवतो."

पुढे वाचनात आलं की अरबांनी याच चौकोनात तिरडी पाहिली आणि मागच्या तीन ताऱ्यांत तिच्यामागून चालणाऱ्या मुली. त्यांतल्या शेवटच्या ताऱ्याला ते 'अल्-काइद', म्हणजे म्होरक्या, म्हणाले. पाश्चात्त्यांचं 'अल्काइड' हे नाव तिथूनच आलं. आपल्या पुराणपरंपरेत तो मरीची. लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवतात, म्हणजे सगळ्यांची नजर वसिष्ठापर्यंत जाते आणि तिथंच थांबते. मरीची पुढचाच तारा, पण त्याच्याकडे कुणी बोट करत नाही. मला मात्र त्या सातांत सर्वांत जास्त ओढ त्याचीच आहे.

मरीची या शब्दाचा अर्थच किरण. आधी त्याचा रंग बघा. बाजेच्या पलीकडच्या टोकाला क्रतू आहे, तो थोडा नारिंगी. मरीची मात्र पांढरा, आणि त्या पांढऱ्यात निळसर झाक. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडं होतं, मग केशरी, मग पिवळं, मग पांढरं. भट्टी तिथंच थांबते. तारा थांबत नाही, तो पांढऱ्याच्याही पुढे निळ्यात जातो. (गॅसच्या शेगडीची निळी ज्योत इथे उदाहरणाला घेऊ नये. ती निळाई जळणाऱ्या वायूतल्या रेणूंची असते, ताऱ्याची निळाई निव्वळ उष्णतेची.) आपल्या सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापलेला, मरीचीचा सुमारे १५,५००. एवढ्या तापल्या अंगातून निघणारा बराचसा प्रकाश जंबुपार असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. आपण पाहतो तो त्याच्या तेजाचा उरलासुरला काठ.

तापमान पावणेतीन पटींच्या आतबाहेर, पण तेज तेवढ्यावर राहत नाही. तापमान दुप्पट झालं की पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा सोळा पट ऊर्जा फेकतो. या हिशेबाने मरीचीचा हाताएवढा तुकडा सूर्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या पन्नासपट ऊर्जा ओततो. त्यात त्याची त्रिज्या सूर्याच्या साडेतीनपट, म्हणजे पृष्ठभाग बारापट. दोन्ही मिळून मरीची सुमारे ६०० सूर्यांइतका तेजस्वी. तो सूर्याच्या जागी असता, तर आजच्याइतकीच ऊब मिळायला पृथ्वीला युरेनसच्याही पलीकडे जाऊन राहावं लागलं असतं. एवढा अवाढव्य असून तो घट्ट नाही. त्याची सरासरी घनता पाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. आणि त्याची गिरकी! सूर्याला स्वतःभोवती फिरायला पंचवीस दिवस लागतात. मरीचीचा घेर साडेतीनपट, तरी तो फार तर सव्वा दिवसात एक फेरा पुरा करतो.

हे सगळं शंभराहून अधिक प्रकाशवर्षं दूरच्या एका ठिपक्याबद्दल कसं कळतं? वर्णपटावरून. मरीचीच्या वर्णपटात हेलियमच्या रेषा असतात. सूर्याच्या पृष्ठभागावर हेलियम भरपूर असूनही त्याच्या नेहमीच्या वर्णपटात त्या उमटत नाहीत, कारण हेलियमचा अणू सहजी उत्तेजित होत नाही, त्याला मरीचीसारखी धग लागते. कुठल्या तापमानाला कुठला अणू कोणत्या अवस्थेत असेल, हे गणितात मांडलं मेघनाद साहांनी, १९२० साली, कोलकात्यात असताना. आज रात्री मरीचीवरून आपल्या डोळ्यांत उतरणारा प्रकाश जवळपास त्याच सुमारास तिथून निघालेला आहे. हा योगायोग मला फार जिव्हाळ्याचा वाटतो.

मरीची मुख्य श्रेणीतला तारा आहे. म्हणजे गाभ्यातल्या हायड्रोजनचं हेलियम करणं हाच अजून त्याचा उद्योग. सूर्याचाही तोच उद्योग आहे, पण रीत निराळी. सूर्यात हायड्रोजनचे केंद्रक बहुतांशी थेट एकमेकांना जाऊन भिडतात. मरीचीच्या गाभ्यात कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन मध्यस्थी करतात आणि काम झालं की पुन्हा मोकळे होतात. हे चक्र तापमानाला विलक्षण हळवं आहे. गाभा जरासा तापला तरी ऊर्जेचा लोंढा येतो, आणि तो बाहेर नेण्यासाठी सगळा गाभाच चुलीवरच्या आधणासारखा उकळत, घुसळत राहतो.

मरीचीची शिदोरी सूर्याच्या सहापट. खर्च सहाशेपट. सूर्य सुमारे हजार कोटी वर्षं पुरेल, मरीची दहा कोटींच्या आतच संपेल, फुगेल, बाहेरचे थर सोडून देईल आणि मागे एक लहानसा श्वेत बटू उरेल. मधल्या पाच ताऱ्यांचं गोत्र एक आहे. ते एकत्र जन्मले आणि आजही एकाच दिशेने चालले आहेत, हे रिचर्ड प्रॉक्टरने १८६९ मध्ये ओळखलं. टोकांचे क्रतू आणि मरीची त्या कुटुंबातले नव्हेत. ते पाच भाऊ ऐंशीएक प्रकाशवर्षांवर, मरीची १०४ वर. आजीचं बरोबर होतं, तो लांबच उभा आहे.

आणि त्याचं वय? साधारण एक कोटी वर्षं. पुराणांत मरीची ब्रह्मदेवाचा मानसपुत्र, कश्यपाचा पिता, म्हणजे सूर्याचा आजोबा. आकाशात नातं उलटं आहे. सूर्य ४६० कोटी वर्षांचा, आणि आजोबा अजून पाळण्यात. एवढंच कशाला, ज्या दगडावर आपण पाठ टेकली आहे तो सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहिला, निवला, थरावर थर चढला. नद्यांनी त्यात दऱ्या कोरायला घेतल्या, तरी या आभाळात मरीची नव्हता. निळा तारा म्हातारा होईपर्यंत निळा राहत नाही. निळा दिसतो म्हणजे तो कोवळा आहे, एवढं नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं.

वैशाखात सुट्टीला पोरंबाळं घरी येतील, तेव्हा एका रात्री त्यांना गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या अंधारात घेऊन जा. बाज दाखवा, तीन चोर दाखवा. मग क्रतू आणि मरीची, दोन्ही टोकं आळीपाळीने बघायला सांगा. नाव, अंतर, वय यांतलं काहीही सांगण्याआधी एवढंच विचारा, की दोघांचे रंग कोणते. उत्तराची घाई करू नका. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात.