इंग्रजी शिकणाऱ्या पोराला घरची साथ

आमच्या कुंडलच्या शिवारात इंग्रजी कधीच येऊन बसलं आहे. मोटर, स्टार्टर, पाइप, क्रांतिअग्रणी कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर, हे शब्द कुणी पुस्तकातून शिकलं नाही. वस्तू हाताशी होती, म्हणून शब्द तोंडात बसला.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. पोर चुकतं, बाकीची हसतात, आणि ते गप्प होतं. गप्प झालेलं पोर मागं पडतं. म्हणून जाणते गुरुजी आधी दोघादोघांना आपसांत बोलायला लावतात, मग सगळ्यांपुढं उभं करतात. लिहिणं त्यानंतर.

अडेल तिथं मराठीच कामाला येते. आपण बोलतो तसं लिहितो; इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' यांत मधलं अक्षर एकच, उच्चार मात्र दोन. आपण 'मी ऊस तोडतो' म्हणतो. इंग्रजीची मांडणी 'मी तोडतो ऊस' अशी. हे मराठीतून सांगितलं की पोराची भीती जाते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं इंग्रजी येतं? न येऊ द्या. संध्याकाळी धार काढताना म्हणा, "आज शिकलास ते मला शिकव." बादलीला, दुधाला, वासराला काय म्हणतात ते विचारा. दुसऱ्याला सांगताना त्याचं स्वतःचं पक्कं होतं. चुकलं तरी हसू नका. गुरुजी दुरुस्त करतील. ऊसबिलातून फी भरता येते, धीर मात्र घरातूनच द्यावा लागतो.