नाव सर्वांत शेवटी

पुणे,
१२ सप्टेंबर

चि. छकुलीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो पाहिले. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या नव्या घराच्या कुंपणाकडेला जमिनीलगत माजलेली हिरवाई, तिच्यावर पिवळी फुलं, आणि खाली तुझा प्रश्न : "आत्या, हे काय आहे?" माळीदादा म्हणतात पिवळा माका, शेजारच्या काकू म्हणतात ब्राह्मी, आणि मोबाइलमधलं ॲप एकाच आडनावाच्या दोघी पुढे करतं, वेडेलिया ट्रायलोबाटा आणि वेडेलिया चायनेन्सिस. मी फोनवर एक नाव सांगून मोकळी झाले असते, तर कुणाचं खरं मानायचं हे ठरवायला तुझ्याकडे माझ्या नात्याखेरीज दुसरं काहीच नसतं. म्हणून हे पत्र. नाव यात आहे, पण ते तू रोपासमोर बसून ताडून घ्यावंस.

आधी ब्राह्मी बाजूला काढू, ते सोपं आहे. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती चालतात. एक मंडूकपर्णी. तिची पानं गोलसर, देठाशी खाच असलेली, कडेला बोथट दात्यांची, आणि फुलं इतकी बारीक की पानांखाली मुद्दाम शोधावी लागतात. दुसरी जलब्राह्मी. ती ओल्या जागी वाढते, पानं छोटी आणि मांसल, फुलं पांढरट-जांभळी, पाच पाकळ्यांची. दोघीही जमिनीवर पसरतात आणि पेरापेराला मुळं धरतात. काकूंनी एवढं हेरलं, ते बरोबरच आहे. पण पिवळं फूल दोघींपैकी एकीलाही येत नाही. उलट आंबुशी बघ. ती पसरते आणि तिचं फूल पिवळंही असतं, पण पाच पाकळ्या स्पष्ट मोजता येतात आणि पान तीन बदामी दलांचं असतं. म्हणजे पसरणं ही नुसती सवय आणि पिवळा हा नुसता रंग. एवढ्यावरून घराणं ठरत नाही.

घराणं ठरतं फुलाच्या बांधणीवरून. एक फूल खुडून पांढऱ्या कागदावर ठेव, ब्लेडने उभं काप आणि भिंगाखाली धर. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक फुलांचा गुच्छ असतो. कडेला पाकळ्या वाटतात त्यांतली प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल आहे, जिभेसारखं चपटं आणि टोकाशी दातेरी. मधल्या चकतीत नळीसारखी बारीक फुलं दाटीने उभी असतात. कडेच्या फुलांत तुला फक्त स्त्रीकेसर सापडेल, मधल्या फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही. ही बांधणी सूर्यफुलाच्या कुळाची. शेवंती, झेंडू, माका, एकदांडी, गाजरगवत, आणि या दिवसांत अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या माथ्यावर पिवळी धमक फुलणारी सोनकी, सगळी याच कुळातली. जगभरात या कुळात वीस हजारांहून जास्त जाती आहेत. तेव्हा कूळ कळलं म्हणजे गाव सापडलं एवढंच, घर अजून शोधायचं आहे.

आता माळीदादांकडे वळू. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस, ते घराच्या अगदी दारापर्यंत पोचले आहेत. केसांच्या तेलात घालतात तो खरा माका, त्याची फुलं पांढरी आणि लहानशी असतात. त्याचा पाला तळहातावर चुरडला की रस थोड्याच वेळात काळपट होतो. पिवळा माका ही दुसरी वनस्पती. औषधांच्या व्यापारात भृंगराज म्हणून तीही कुठे कुठे चालते. ती मुळात आशियातली, आपल्याकडच्या ओलसर जागांची. ॲपने दाखवलेली 'चायनेन्सिस' ती हीच. आणि 'ट्रायलोबाटा' ही तिची सख्खी नातलग, पण समुद्रापलीकडची.

दोघींना वेगळं करायचं ते पानांवरून. पिवळ्या माक्याचं पान अरुंद, भाल्याच्या पात्यासारखं लांबट असतं. कडा जवळजवळ सरळ किंवा किंचित दातेरी. ट्रायलोबाटाचं पान रुंद आणि वरून चकचकीत. त्याला दोन्ही बाजूंनी एकेक टोकदार खांदा फुटतो, म्हणजे मधलं टोक धरून तीन भाग होतात. कोवळ्या पानांना हे खांदे पुष्कळदा नसतात. तेव्हा एका पानावर निकाल देऊ नकोस. वेगवेगळ्या फांद्यांवरची मूठभर पानं घे, कोवळी आणि जून, आणि टेबलावर ओळीने मांड. बाकीचंही तपास. पानं देठावर समोरासमोर आहेत का? फूल पानाच्या बेचक्यातून लांब दांडीवर एकटंच येतं का? जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळं फुटली आहेत का? तुझ्या फोटोत मला रुंद, खांदे असलेली पानं दिसतात. बाकीची उत्तरं 'होय' आली तर ही स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, नर्सरीवाल्यांची वेडेलिया. कुणी हिला सिंगापूर डेझीही म्हणतं. दक्षिण चीनमध्ये या दोघी शेजारी वाढतात तिथे त्यांचा नैसर्गिक संकरही सापडला आहे. इतक्या त्या जवळच्या, म्हणून तर मी तुला पानं मांडायला लावतेय.

दोन शास्त्रीय नावं पाहून गोंधळू नकोस. लिनीयसने १७५९ मध्ये हिला सिल्फियम या प्रजातीत घातलं होतं. पुढे ती वेडेलियात गेली. ही प्रजाती येना विद्यापीठातले जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ गेओर्ग वोल्फगांग वेडेल यांच्या नावाची. १९९६ मध्ये प्रुस्की या अभ्यासकांनी तिला स्फॅग्नेटिकोलात हलवलं. नर्सऱ्या मात्र जुन्याच नावाला धरून आहेत. पुस्तकात शोधताना दोन्ही नावांखाली बघ.

ॲपवर माझा राग नाही. ते फोटोशी फोटो जुळवतं, आणि बहुधा कुळापर्यंत तरी नेऊन सोडतं. पण कॅमेऱ्याला जे दाखवलं नाही ते त्याला कुठून कळणार? तू वरून फुलाचा फोटो काढलास. पेरांची मुळं, पानाची खालची बाजू, फुलामागची हिरवी छदं, चुरडलेल्या पाल्याचा रस, यांतलं काहीच त्यात नाही. पुढच्या वेळी निदान चार फोटो काढ : फूल समोरून, फूल मागून, फांदीवर पानांची मांडणी, आणि सगळं रोप जमिनीसकट. मग ॲपचं उत्तरही सुधारेल.

पुस्तकांचं तंत्र याहून वेगळं. तुझ्या आजोबांच्या कपाटात कुक साहेबांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा आहे, आठवतो? थिओडोर कुक हे मूळचे इंजिनिअर. रेल्वेच्या वसईच्या पुलासाठी इकडे आले, पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ या काळात हा ग्रंथ भागाभागाने छापला. अशा ग्रंथात प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय असतात. पानं समोरासमोर की एकाआड एक? कडेला जिभेसारखी फुलं आहेत की नाहीत? एक पर्याय निवडला की दुसऱ्या बाजूची सगळी गर्दी गळते. नाव शेवटी येतं, आणि तोवर प्रत्येक पायरीला आपल्याला रोपाकडे परत बघावं लागतं. नाशिक जिल्ह्यापुरता असा ग्रंथही आहे. लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांचा, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ मध्ये काढलेला. मात्र अशी पुस्तकं मुख्यतः रानात आपणहून उगवणाऱ्या वनस्पतींची असतात. बागेत जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं रोप असू शकतं, म्हणून तिथे नर्सरीच्या याद्याही चाळाव्या लागतात.

एवढा खटाटोप एका कुंपणाकडेच्या हिरवळीसाठी कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. एक कारण साधं आहे. माळीदादांच्या शब्दावर तू तो पाला खोबरेलात उकळणार होतीस. जे ओळखलेलं नाही ते पोटात जाऊ नये आणि डोक्यालाही लागू नये.

दुसरं कारण मोठं आहे. योग्य नाव कळलं की त्या वनस्पतीबद्दल जगाने जमवलेली सगळी माहिती तुझ्या हाती येते. ट्रायलोबाटा मूळची मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग इथली. शोभेसाठी आणि उतारावरची माती धरून ठेवण्यासाठी ती जगभर नेली गेली. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत ती आहे. आपल्या ओळखीची घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ आणि जलपर्णी त्याच यादीत आहेत. जलपर्णीने गोदावरीचं पात्र कसं झाकलं जातं, हे नाशिककरांना मी काय सांगावं?

ट्रायलोबाटा बियांवर फारशी विसंबत नाही. फांदीचा तुकडा, त्यावर एक पेर आणि थोडी ओल मिळाली की तिचं काम होतं. म्हणून धोका तिला लावण्यापेक्षा छाटण्यात जास्त आहे. छाटलेला ढीग नाल्याकडेला टाकला की पावसात तुकडे वाहतात. नाशिकच्या नाल्यांचं पाणी नासर्डी-वाघाडीतून गोदावरीत जातं, आणि खाली त्याच गोदावरीवर नांदूरमध्यमेश्वरचं पाणथळ आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलेलं. गाजरगवताची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली, आणि पुढे देशभर ते कुणालाच आवरलं नाही. नवखं रोप कुंपणाच्या आत असतानाच ओळखण्याची किंमत तिथे कळते.

पण परदेशी म्हणून सरसकट शिक्षा करायची असं मी म्हणत नाही. एकदांडीही मध्य अमेरिकेतलीच. आपल्या लोकांनी तिला दगडी पाला म्हटलं, कंबरमोडी म्हटलं, शेतात खरचटलं तर तिचा रस लावला. बटाटा, मिरची, टोमॅटोही अमेरिका खंडांतलेच, आणि नाशिकची द्राक्षं तरी मूळची कुठली इथली? प्रश्न जन्मगावाचा नाही, वागणुकीचा आहे, आणि वागणूक नावाशिवाय शोधता येत नाही.

आता काय करायचं ते तुझं तू ठरव. ठेवायची असेल तर फरशीने आखलेल्या वाफ्यात ठेव, बाहेर पडणारी टोकं वेळेवर खुड. मधमाश्या आणि फुलपाखरं तिच्यावर येतात, तेव्हा ती अगदीच निरुपयोगी नाही. काढायची असेल तर माती ओली असताना पेरांच्या मुळांसकट उपट, कारण मागे राहिलेलं पेर पुन्हा फुटतं. उपटलेलं सगळं गच्चीवर कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळव आणि मगच खतात टाक. ओला पाला घंटागाडीच्या वाटेवर किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नकोस. तिच्या जागी सावलीत आणि ओलीत मंडूकपर्णी लाव, म्हणजे काकूंची ब्राह्मी खरोखरच तुझ्या दारी येईल. उन्हाच्या बाजूला जलपिंपळी चांगली. टोकाशी दातेरी पानं, आणि बोंडाभोवती कडं करून येणारी इवलाली पांढरट फुलं. पायाखाली तुडवली तरी ती तग धरते आणि गोदाकाठी आपणहून उगवते.

उपटण्याआधी एक फुलोऱ्याची फांदी माझ्यासाठी दाबून ठेव. जुन्या वर्तमानपत्रात पानं नीट पसर, एखादं पान उलटं ठेव म्हणजे खालची बाजू दिसेल, आणि वर जाड पुस्तकांचं ओझं घाल. सुरुवातीला कागद रोज बदल, नाहीतर बुरशी धरते. सोबत चिठ्ठीवर तारीख, जागा, ऊन-सावली, फुलाचा रंग हे सगळं लिही. वाळल्यावर रंग फिका होतो, त्यामुळे तो लिहिणं विसरू नकोस. इथे कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, १९५५ पासून. तिथल्या संग्रहात अशाच वाळवलेल्या फांद्या जपून ठेवलेल्या आहेत. दोन माणसांचा नावावरून वाद झाला की शेवटी फांदीशी फांदी ताडून बघतात. तुझी फांदी आली की तिच्याशेजारी ठेवायला माझ्याकडे माक्याच्या दोन्ही जाती आहेत.

माळीदादांना हे सगळं सांगशील तेव्हा दोन पानं हातावर शेजारी ठेवून सांग, पुस्तकातलं नाव तोंडावर फेकू नकोस. त्यांच्या नजरेला फरक लगेच कळेल, आणि मग ते ज्या ज्या बंगल्यांत जातात तिथे तिथे तो पोचेल.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या

ता. क. दुसऱ्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, फरशीच्या फटीत, एक निळं फूल दिसतंय. त्याचं नाव मी आत्ता सांगणार नाही. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, पाकळ्या सुट्या आहेत की जोडलेल्या, आणि दुपारी फूल मिटतं का, एवढं बघून कळव.