सतरावर थांबणारा

दिवाळी जवळ आली की आमच्या सरकारी वसाहतीत पत्त्यांचे कॅट बाहेर पडतात. दिल्लीकडे दिवाळीत पत्ते खेळणे हा कुळाचारच मानतात. त्या दिवसांत जो चार पैसे लावीत नाही त्याच्याकडे लक्ष्मी पाठ फिरविते, अशी येथील शेजाऱ्यांची श्रद्धा. आम्ही पडलो कोकणातले. गणपतीच्या जागरणात आम्हीही पत्ते खेळलो. पण ते झब्बू, पाच-तीन-दोन, फार तर रमी. हरणाऱ्यास शिक्षा काय, तर सर्वांसाठी चहा करून आणावा. पैशाचे नाव निघताच वडील पडवीतून खाकरत आणि पत्ते चटईखाली जात.

अशा घरातला धाकटा मुलगा पणजीस मांडवी नदीतील एका कॅसिनो-जहाजावर ब्लॅकजॅकचे पत्ते वाटण्याच्या नोकरीस लागला, तेव्हा घरात काय झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. आई शेजारी सांगते, "तो गोव्यास हॉटेलात आहे." अण्णा काहीच सांगत नाहीत. त्यांनी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत अंकगणित शिकविले. धाकट्याशी मात्र दोन वर्षे ते एक अक्षर बोलले नव्हते. गेल्या वर्षी धाकट्यासाठी सांगून आलेले एक स्थळ नोकरीचा प्रश्न निघताच परत गेले, आणि अण्णांचे आम्हांस पत्र आले: तुम्ही वडील, सरकारी नोकर, चार माणसांत वावरणारे, त्यास समजावून त्या जुगाराच्या अड्ड्यातून सोडवा. आम्ही रजा काढली आणि सावंतवाडीवरून पणजीस गेलो.

जुगार हा शब्द अण्णा उच्चारतात तितका सोपा नाही, हे सरकारी कागद हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. रमीत कौशल्याचा भाग अधिक, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटले. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा गणला. गोव्याच्या कायद्याने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि पाण्यावरील जहाजांत टेबलावरचे खेळ यांस मोकळीक दिली. आमच्या महाराष्ट्राने तर १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण आणि त्यांवरील कर यांचा एक अधिनियम केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ साली तो रद्द करावयाचे ठरविले. सत्तेचाळीस वर्षे एक कायदा निजून राहिला! ज्यांच्या फडताळात अशा संचिका आहेत त्यांस याचे नवल वाटणार नाही.

धाकटा आमचे म्हणणे ऐकून घेऊन म्हणाला, "दादा, आधी खेळ काय तो बघ, मगे बोल." आईने आमच्याबरोबर चिंच धाडली होती. ती निवडून त्याने चिंचोक्यांचे दोन ढीग केले, चटईवर कॅट पिसला आणि आमची शिकवणी सुरू झाली.

खेळ मोठ्या विचित्र समतेचा आहे. राजा, राणी आणि गुलाम यांची किंमत सारखीच, प्रत्येकी दहा, दशीचीही तीच. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात राजा आणि प्रधान यांचा केवढा मान! येथे सगळे एकाच वेतनश्रेणीत. दुरी ते नश्शी यांची किंमत तोंडावर लिहिलेली तीच. फक्त एक्क्यास दोन पदे: सोयीप्रमाणे एक, किंवा अकरा. एक्का अकराच्या पदावर असता बेरीज 'मऊ' म्हणावयाची, कारण आणखी पान घेऊन बेरीज फुगली तर तो मुकाट्याने एकावर उतरतो. ती सोय नसेल तर बेरीज 'कठीण'. एकवीसच्या जितके जवळ जाल तितके चांगले. एकवीस ओलांडले की 'बस्ट', म्हणजे बुडालात. पहिल्या दोनच पानांत एक्का आणि दहाचे पान आले तर तो 'ब्लॅकजॅक', आणि त्यास दीडपट मिळते. काही टेबलांवर शंभरास दीडशेऐवजी एकशेवीसच देतात. ती पाटी वाचल्यावाचून बसू नये, असे धाकट्याचे मत. पाटी कोणी वाचीत नाही, असा त्याचा अनुभव.

नावाचा अर्थ काळा गुलाम. पण त्या हातात काळा गुलाम असलाच पाहिजे असे नाही. खेळ नावाहून जुना आहे. सर्व्हांतेसच्या १६१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत दोन भामटी पोरे एकवीसचाच डाव खेळतात.

परंतु आम्हांस अधिक गोडी वाटली ती टेबलावरच्या भाषेची. पान हवे म्हणजे 'हिट', नको म्हणजे 'स्टँड', पण हे शब्द तोंडाने उच्चारून भागत नाही. पान हवे तर बोटाने टेबलावर टिचकी मारावयाची, नको तर पानांवरून पालथा हात आडवा फिरवावयाचा. वर कॅमेरा असतो. त्यास दिसते, वाद झाला तर तोच साक्षीदार, म्हणून हाताची खूण खरी. जोडीची दोन पाने आली तर पहिल्याइतकाच पैसा पुन्हा मांडून दोन बोटे फाकून दाखवावी, म्हणजे पाने विभागून दोन डाव होतात. दुप्पट करावयाचे तर पैसा मांडून एक बोट. मग एकच पान मिळते, अधिक नाही. गुजराती व्यापारी, तेलुगू कंत्राटदार, पंजाबातले नवे जोडपे, सर्व या चार खुणांवर रात्र काढतात. परप्रांतात पहिल्या महिन्यात भाजीवाल्याशी बोटांनी बोललेल्या आमच्या वाचकांस ही भाषा परकी वाटू नये.

आता मर्म सांगतो. खेळणाऱ्यास इतकी मुखत्यारी, पण पत्ते वाटणाऱ्यास मुळीच नाही. त्याचे एक पान उघडे, एक झाकलेले. सर्वांचे खेळून झाले की तो झाकलेले उलटतो. बेरीज सोळा किंवा कमी भरली तर त्याने पान घेतलेच पाहिजे. सतरा झाली की थांबलेच पाहिजे. समोर कोण बसले आहे, त्याचे किती गेले, त्याची बायको मागे उभी राहून रडते आहे काय, हे काहीच त्याने पाहावयाचे नाही. धाकटा म्हणाला, "दादा, माझ्या हातात कायच नाय." हे वाक्य आम्ही स्वतः खिडकीपलीकडच्या माणसांस किती वेळा, किती भाषांत म्हटले आहे!

मग ज्यास मुखत्यारी नाही तो जिंकतो कसा? आम्ही एक चिंचोका मांडला. आम्हांस दहा आणि सहा आले, त्याचे उघडे पान नश्शी. त्याने सांगितले की अशा वेळी पान घ्यावे, हाच शास्त्रार्थ. सोळावर सहापासून राजापर्यंत कोणतेही पान आले की बुडालेच, म्हणजे तेरापैकी आठ वाटा बुडण्याच्या. तरी न घेणे त्याहून किंचित वाईट. आम्ही टिचकी मारली. सत्ती आली, तेवीस झाले. त्याने चिंचोका उचलून आपल्या ढिगात टाकला. मग केवळ दाखविण्यासाठी त्याने आपले पान उलटले: छक्की, म्हणजे पंधरा. नियमाप्रमाणे आणखी एक घेतले: अठ्ठी. तेवीस! तोही बुडाला, आमच्याइतकाच. पण आमचा चिंचोका परत आला नाही. आधी खेळावयाचे आपण, आधी बुडावयाचे आपण, आणि नंतर तो बुडाला तरी आपल्या बुडण्याची भरपाई नाही. सगळे दुकान या एका क्रमावर चालते.

हा हिशेब नीट मांडण्याचे श्रेय एका परीने आमच्याच जातीच्या माणसांकडे जाते. अमेरिकेतील ॲबर्डीन येथील लष्करी तळावर नोकरीस असलेल्या रॉजर बाल्डविन आणि त्याच्या तीन सोबत्यांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर या खेळाचे सर्व प्रसंग मोजले आणि १९५६ साली तेथील संख्याशास्त्राच्या नियतकालिकात ते छापले. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी नेहमी फोडावी, दहाची कधी फोडू नये, समोर दुरी ते छक्की दिसत असता सोळावर पान घेऊ नये, हे आता जे घोकले जाते त्याचा पाया तो. इतके पाळूनही शेकड्यामागे सुमारे अर्धा रुपया दुकानाकडे झुकतो. पुढे १९६२ साली एडवर्ड थॉर्पने पुस्तक लिहून दाखविले की पडून गेलेली पाने ध्यानात ठेवणारा तो झोकही उलटवू शकतो. त्यावर दुकानांनी काय केले? कॅट वाढविले.

'विमा' म्हणून एक प्रकार आहे, तो लेखाशाखेतील मंडळींनी अवश्य तपासावा. डीलरचा एक्का दिसला की तो विचारतो, विमा उतरविता काय? झाकलेले पान दहाचे निघाल्यास दुप्पट देऊ. एका कॅटातून तो एक्का वगळला की उरली एकावन्न; त्यांत दहाची सोळा, इतर पस्तीस. सोळा वेळा दोन मिळाले, बत्तीस. पस्तीस वेळा एक गेला, पस्तीस. म्हणजे एकावन्नात तीन तूट. शब्द धीराचा आणि व्यवहार तोट्याचा, असे नमुने कॅसिनोबाहेरही आमच्या पाहण्यात आहेत.

रात्री तो कामावर निघाला. त्याच्या गणवेशास खिसे नाहीत. टेबल सोडताना दोन्ही तळहात एकमेकांवर वाजवून, मग उलटसुलट करून वर कॅमेऱ्यास दाखवावयाचे, हा तेथला दंडक. घरी पाणी पिऊन उठतानाही त्याचे हात नकळत तसे झाले. ज्या नदीकाठच्या खोलीत तो राहतो तिथून जहाजांचे दिवे दिसतात. तेथे जाऊन घर बुडविणारी माणसे त्यास रोज दिसतात, आणि त्याबद्दल त्यास वाईट वाटते, हेही त्याने सांगितले. नोकरी सोड, असे आम्ही त्यास म्हटले नाही. सोडू नको, असेही म्हटले नाही.

दिल्लीस परतल्यावर अण्णांस पत्र लिहिले. त्यात उपदेशाचा निकाल कळविण्याऐवजी चिंचोक्यांचा डाव पानांसकट उतरवून काढला, सोळाचा आणि सतराचा नियम लिहिला, विम्याची एकावन्नाची वजाबाकी मांडली. तीन आठवड्यांनी उत्तर आले. आईची प्रकृती, पाऊस, नारळाचा भाव, आणि खाली वेगळ्या शाईत: वजाबाकी बरोबर आहे. परंतु डीलरचे सतरा जर एक्का अकरा धरून झाले असतील, तर तो थांबतो की घेतो? नियमात तुम्ही ते स्पष्ट केलेले नाही.

याचे उत्तर टेबलागणिक निराळे असते, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही ते कळविले नाही. उलट टपाली धाकट्याचा दूरध्वनी क्रमांक तेवढा ठळक अक्षरांत लिहून पाठविला. तो त्यांच्यापाशी नव्हता असे नाही.